अकरा फुटांचं झाड

"इथं एक झाड होतं. ते कुठं गेलं?"

चंद्रकलेनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी घराच्या दारात बसून पान्याला तेल देत होतो. मान वर केली तर समोर एक मुलगी उभी. ओढणी डोक्यावरून घेतलेली, गळ्यात ओळखपत्र, एका हातात मोठा रंगीत कागद, दुसऱ्या हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी. दिवाळी होऊन गेली होती, तरी दुपारचं ऊन चांगलं लागत होतं. तिच्या नाकावर घाम होता.

"कुठलं झाड?" मी विचारलं.

"हे काय." तिनं कागद माझ्यासमोर धरला. "हा रस्ता. ही विहीर. हे शेजारचं पत्र्याचं घर. आणि इथं झाड. अकरा फूट उंच, पसारा भरपूर. तुम्ही तोडलंत का, भाऊ?"

"नाही."

"घाबरू नका. मी वनखात्याची नाही."

"तोडलं नाही, मॅडम. तुम्ही त्याच्याच सावलीत उभ्या आहात."

तिनं वर बघितलं. आमचं घर तेव्हा कुडाचं होतं, वर जुनी कौलं. पण कौलं दिसतच नव्हती. आईनं पावसाच्या सुरुवातीला दाराशी डांगर लावलं होतं. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. वेल कुडावरून चढून जवळजवळ सगळ्या छपरावर पसरला होता. आढ्याजवळ दोन डांगरं बसली होती, आणि एक पान तिच्या कपाळाला लागत होतं.

ती कागदाकडे बघायची, पुन्हा छपराकडे बघायची. मग एकदम तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

त्या हसण्याचं वर्णन मला जमणार नाही. एवढंच सांगतो, माझ्या हातातलं तेल सांडलं.

मी जिवा. जव्हार नगरपरिषदेत पाणी सोडायचं काम करतो. पहाटे उठून आळीआळीचे व्हॉल्व्ह फिरवायचे, दुपारी मोकळा. म्हणून त्या वेळी मी घरी सापडलो. नसतो सापडलो, तर ती कागदावर खूण करून पुढे गेली असती... हा विचार मी पुढं कितीदा केला असेल.

त्या वर्षी दसऱ्यानंतर एक छोटं विमान जव्हारवरून सारखं येरझारा घालत होतं. लोकांना वाटलं कोणी मंत्री आहे. खरं म्हणजे पुण्याच्या एका संस्थेचं ते काम होतं. विमानातून गावाचे फोटो काढायचे आणि त्यावरून कॉम्प्युटरमध्ये सगळं गाव उभं करायचं. नुसता सपाट नकाशा नव्हे, घरं, गल्ल्या, चढउतार सगळं. डोंगरावरचं गाव, घरं आणि झाडं एकमेकांत मिसळलेली, म्हणून जव्हार निवडलं होतं. इथं जमलं तर कुठंही जमेल, असं त्यांचे उमेश सर म्हणायचे. चंद्रकला त्यांच्याकडे कामाला होती. मोखाड्याकडच्या पोशेरा गावची. आश्रमशाळेत शिकली, नाशिकला कॉलेज केलं, तिथंच कॉम्प्युटर शिकली. कॉम्प्युटर जे सांगतो ते जमिनीवर खरं आहे का, हे बघत फिरणं तिचं काम.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण आईनं तिला कोरा चहा दिला आणि ती चहा पीत बसली.

"पण कागदावर हे लाल कसं?" मी विचारलं. तिच्या कागदावर अर्धं जव्हार लालभडक होतं.

"पानं एक उजेड परत फेकतात. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, विमानातल्या कॅमेऱ्याला दिसतो. मग कागदावर तो लाल रंगात दाखवतात. लाल म्हणजे हिरवं."

"लाल म्हणजे हिरवं."

"हो. हसू नका. नुसत्या रंगावरून हे गवतही वाटलं असतं. पण विमानातूनच दुसरी मोजणी होते, तीत उंची कळते. इथं अकरा फूट काहीतरी उभं आहे. उभं आहे आणि हिरवं आहे... म्हणजे झाड. कॉम्प्युटरनं दोन्ही गोष्टी जोडल्या."

"आणि आत माणसं राहतात, हे?"

तिनं कप खाली ठेवला. "ते वरून दिसत नाही. त्यासाठीच तर मी येते."

मग तिनं काठी लावून घराची उंची घेतली. आढ्यापाशी बरोबर अकरा फूट. मागच्या कडेच्या दोन-चार कौलांवर तेवढा वेल पोचला नव्हता, तिथं जाऊन कॅमेऱ्यानं काहीतरी टिपलं. जाताना म्हणाली, "वेल वाळला की पुन्हा यावं लागेल. कौलं मोकळी दिसली की फोटो घेऊ आणि झाडाच्या जागी घर टाकू. मग इथलं काम संपलं. कधी वाळेल?"

"पंधरा-वीस दिवसांत," आई म्हणाली.

ती उतारावरून खाली गेली. काठी तिच्या खांद्याच्या वर दिसत होती, मग काठीही दिसेनाशी झाली. मी छपराकडे बघितलं. बुंध्याजवळची पानं पिवळी पडायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरून दोन घागरी आणल्या आणि वेलाच्या बुंध्याशी ओतल्या.

नळाचं पाणी मी त्या वेलाला कधी घातलं नाही. गावाला पाणी सोडणाऱ्यानं ते करू नये. विहिरीचंच आणलं, चढावरून, रोज. आई पहिले काही दिवस बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं.

"पोरा, डांगरं तर काढली. आता त्याला कशाला पाजतोस?"

"राहू दे ना. सावली पडते."

"थंडीत सावली पाहिजे तुला?"

"उन्हाळ्याला उपयोगी पडेल."

"गावाला नळानं पाणी सोडतोस आन् वेलाला डोक्यावरनं आणतोस. लोकं मला विचारतात, जिवाचं डोकं ठिकाणावर हाय ना?"

पंधरा दिवसांनी ती आली. मी लांबूनच काठी ओळखली आणि उगाच आत जाऊन सदरा बदलला.

"अजून हिरवाच?" ती म्हणाली.

"वेळ लागतो."

"आमच्या पोशेऱ्यात सगळे वेल वाळून चुलीत गेले."

"पोशेऱ्याची माती वेगळी."

"माती वेगळी, की माणसं वेगळी?" तिनं बुंध्याजवळच्या ओल्या मातीकडे बघितलं. मला वाटलं आता विचारेल. तिनं विचारलं नाही. "बरं, मग पुन्हा येते," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात वैताग नव्हता. निघताना आईशी बोलत बसली, पाऊण तास तरी. मला ती त्या दिवशी भाऊ म्हणाली नाही. 'अहो' म्हणाली.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाचणाऱ्याला ही गोष्ट बारीक वाटेल. मला ती बारीक वाटली नाही. मी पुढचे कितीतरी दिवस तो 'अहो' घेऊन व्हॉल्व्ह फिरवत होतो.

मधल्या दिवसांत ती दिसायची, पण लांबून. बाजारात एखाद्या भिंतीला काठी लावून उभी. एस.टी. स्टँडवर मोखाड्याच्या गाडीची वाट बघत. एकदा मी पाण्याच्या टाकीवर चढलो होतो आणि ती खालच्या गल्लीत छपरं बघत चालली होती. मान वर होती, तरी तिची नजर माझ्यापर्यंत आली नाही. हाक मारायला तोंड उघडलं... काय म्हणून हाक मारणार? मॅडम म्हणावं तर परकं वाटतं, चंद्रकला म्हणावं तर तेवढी ओळख नाही. तोंड मिटलं. ती वळणावर गेली आणि गल्ली तशीच राहिली, रिकामी.

एक दिवस तिच्या ऑफिसच्या मागचा नळ गळत होता, म्हणून मला बोलावणं आलं. नळ दुरुस्त झाल्यावर ती म्हणाली, "चला, तुम्हाला जव्हार दाखवते."

"मी जव्हारातच जन्मलो."

"असं नाही बघितलेलं."

दोन खोल्यांचं ऑफिस, तीन कॉम्प्युटर. तिनं खुर्ची दिली आणि स्वतः मागे उभी राहिली. पडद्यावर आधी नुसते राखाडी ठोकळे होते. लहान, मोठे, उतारावर वाकडेतिकडे रचलेले. जशी काही घरं बांधून झाली आहेत, पण राहायला अजून कोणी आलेलं नाही. मग तिनं एक कळ दाबली. विमानातला फोटो त्या ठोकळ्यांवर चादरीसारखा पसरला आणि ठोकळ्यांचं गाव झालं. कौलं लाल झाली, पत्रे चमकले, रस्ते तांबूस झाले. माझी टाकी दिसली. रोज सकाळी ज्या पायऱ्या उतरतो त्या दिसल्या.

"फिरवा," ती म्हणाली आणि माऊस माझ्या हाताखाली सरकवला.

मी फिरवला. गाव गरकन उलटं झालं.

"हळू... हळू. राजवाड्याच्या भिंतीत घुसलात तुम्ही."

"आता बाहेर कसा येऊ?"

"थांबा." तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि माऊस मागे ओढला. आम्ही दोघं राजवाड्यातून बाहेर आलो. हात लगेच काढला नाही तिनं. आमच्या पाड्यापर्यंत तसाच होता.

तिथं, पत्र्याच्या घराशेजारी, एक गोल हिरवा ढीग होता. बाकी सगळ्यांना भिंती होत्या, मला फांद्या.

"हे मी," मी म्हटलं.

"हे तुम्ही."

"कधी करणार माझं घर?"

"वेल वाळला की." ती खिडकीकडे बघत होती. "घाई आहे का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."

त्या संध्याकाळी मी दोनाच्या चार घागरी घातल्या.

माघ उजाडला. आमच्याकडे तेव्हापासूनच पाण्याची ओढ सुरू होते. सूर्यमाळकडच्या बायका पाण्यासाठी मैलभर चालायला लागल्या होत्या, आमच्या विहिरीचंही पाणी खाली गेलं होतं. वेलाची जुनी पानं गळली, पण बुंध्याला नवी फूट येत राहिली. आई आता बोलायची नाही, नुसती कपाळाला हात लावायची. चंद्रकला अधूनमधून यायची, हिरवं बघायची, चहा प्यायची आणि जायची. मनात जे होतं ते मी बोललो नाही. ती शिकलेली, पुण्याच्या लोकांत वावरणारी. मी व्हॉल्व्ह फिरवणारा. आणि खरं सांगायचं तर मला वाटायचं, बोललो आणि ती नाही म्हणाली, तर हे येणंही बंद होईल. त्यापेक्षा वेल बरा.

मग होळीच्या आधी नगरपरिषदेच्या सभागृहात तो कार्यक्रम झाला. भिंतीवर पांढरा पडदा लावून सगळं जव्हार दाखवलं. गाव लोटलं होतं. जो तो आपलं घर शोधत होता. "ते बघ आमचं, दोन मजली." "अरे, माझी गच्ची." "सोम्याचा गोठा बघा, घरापेक्षा मोठा दिसतोय." उमेश सर काठीनं दाखवत होते, किती घरं कौलारू, कुठले पत्रे उन्हात जास्त तापतात, पाण्याची पाइप कुठून चढवता येईल. मग पडदा आमच्या पाड्यावर आला.

झाड.

"जिवाचं घर कुठाय?" कोणीतरी विचारलं.

"जिवा झाडावर राहतो."

सगळे हसले. मीही हसलो. चंद्रकला पडद्याच्या बाजूला उभी होती. ती हसली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर सर भेटले. म्हणाले, "आता परवा आमचं सामान हलतंय पुण्याला. चंद्रकलेलाही नेतोय. चांगली हुशार मुलगी, पुढं जाईल." मी म्हटलं, "सर, माझं घर तेवढं राहिलं. वेल वाळला नाही म्हणून." त्यांनी भुवया वर केल्या. "वेलाचा काय संबंध? तुमच्या घराची उंची, मागच्या कौलांचा फोटो, सगळं तिनं पहिल्याच दिवशी आणलं होतं. दोन मिनिटांचं काम. का राहिलं कोण जाणे... शंभरात एखादं राहतंच."

मी घरी आलो. सगळ्या गावाची घरं तिनं केली होती. गोठेसुद्धा. माझंच दोन मिनिटांचं काम तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि मी चार महिने चढावरून पाणी वाहत होतो. परवा ती जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह बंद करून आलो, शिडी लावली आणि छपरावर चढलो. वेल ओढून काढायला लागलो. हिरवा वेल सहज निघत नाही, प्रत्येक कौलाला त्याचे ताणे वळसा घालून बसलेले असतात.

"काय करताय?"

खाली ती उभी होती. काठी नव्हती, कागद नव्हता.

"घर मोकळं करतोय. तुमचं काम अडलंय ना."

"कोणी सांगितलं अडलंय म्हणून?"

"बरोबर. अडलंच नव्हतं. सर म्हणाले, दोन मिनिटांचं होतं."

ती पुढे आली. शिडीला हात लावून उभी राहिली.

"विसरलात, असं सांगितलंत तरी चाललं असतं," मी म्हटलं. "झाडावरच्या माणसाला कोण ध्यानात ठेवतं."

"विसरले नाही."

"मग?"

"तुम्ही खाली या आधी. वर बघून मान दुखते."

"तिथूनच सांगा."

तिनं शिडीची पायरी घट्ट धरली. "तुमचं घर केलं असतं तर... इथलं काम संपलं असतं. मग पुन्हा कशाला आले असते मी? काय सांगून आले असते?" ती खाली बघायला लागली. "एक घर चुकीचं ठेवलं. सरांनी दोनदा विचारलं. म्हटलं, करते नंतर. मला वाटलं, फार तर पौषापर्यंत... पण तुमचा वेल काही वाळेना. मी देवाला हात जोडत होते, वाळू नको म्हणून. आणि तो खरंच वाळेना."

मला कौलावर बसावं लागलं. एक कौल फुटलं.

मी काही बोलणार त्याआधी आतून आई बाहेर आली, हातात झारा.

"देव कशाला, बाय? ह्यो देव." तिनं झारा माझ्याकडे रोखला. "चार महिने विहिरीवरनं पाणी आणून घालतोय. माझी घागर चेपवली. मी म्हणतंय, पोराला झालंय तरी काय? आता कळलं. दोघंबी एकाच वेलाला लटकलेली."

चंद्रकलेनं वर बघितलं. तोंडावर हात ठेवायला गेली, आणि मग ठेवलाच नाही. तसंच हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली.

"खाली या," ती म्हणाली. "आणि वेल राहू द्या."

ती पुण्याला गेली. पुढचा सगळा पावसाळा तिकडेच होती. शेजारच्या दुकानात तिचा फोन यायचा, आणि दुकानदार आधी स्वतः बोलून घ्यायचा. पहिला प्रश्न ठरलेला... "वेल कसा आहे?" दसऱ्याला ती परत आली, ते सरांना सांगूनच, की आता मी जव्हारलाच काम बघते. आम्ही पोशेऱ्याला मागणी घालायला गेलो. तिचे वडील सुकऱ्याबाबा यांनी रीतीप्रमाणे विचारलं, पोराचं घर कसं आहे? आमच्यात आधी घर बघतात. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, वरून बघितलं तर झाड आहे. खालून या, मग घर दिसेल."

मग ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागली. आम्ही कूड काढून विटांच्या भिंती बांधल्या, कौलं तीच ठेवली. दर पावसाळ्याला ती दाराशी डांगर लावायची. पडद्यावरचं ते झाड तिनं कधी दुरुस्त केलं नाही. म्हणायची, तेवढं एक चुकलेलं राहू दे. कधीमधी मी कामावरून उशिरा आलो, की दारातूनच विचारायची, "इथं एक माणूस होतं. ते कुठं गेलं?"

कावीळ झाली तिला. नाशिकला नेलं. परत आणलं ते तिला नाही, नुसतं... त्याबद्दल मला लिहिता येत नाही. दोन पावसाळे झाले.

परवा माघातच दुपारी दारात बसलो होतो. एक बाई आल्या. नगरपरिषदेनं नव्या नकाशासाठी नेमलेल्या, रोहिणी मॅडम. हातात कागद.

"काका, जुन्या कामात इथं झाड दाखवलंय. अकरा फूट. इथं तर तुमचं घर आहे."

मी त्यांच्या हातातला कागद बघितला. मग म्हटलं, "आहे."

"चूकच राहिली म्हणायची ही." त्यांनी पेन काढलं. "मी आता घर टाकते. म्हणजे इथलं काम संपलं, परत कोणी तुम्हाला त्रास द्यायला यायचं नाही."

"नको," मी म्हटलं.

"का हो?"

मी वर बघितलं. छपरावर डांगराचा वेल होता, यंदा मीच लावलेला. जुनी पानं गळली होती, बुंध्याला नवी फूट होती.

"वेल आहे अजून वर. कौलं दिसत नाहीत. वाळला की या."

त्यांनी छपराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि पेन मिटून उतारावरून खाली गेल्या.

मी उठलो, घागर उचलली आणि विहिरीकडे निघालो. आई दारात बसली होती. तिनं ती जुनी, चेपलेली घागरही माझ्याकडे सरकवली.